हायड्रोजनवर काढलेला रिपोर्ट

छोटी सेहेचाळीस वर्षांची होती. कानशिलांवरचे केस पांढरे झालेले, नाकावर जाड चष्मा, प्रयोगशाळेत हाताखाली सहा माणसं; पण घरी ती छोटीच. थोरल्या बहिणीनं ठेवलेलं नाव बदलायची कुणाची टाप होती! प्रयोगशाळेत मात्र सगळे तिला मॅडम म्हणत, आणि मॅडमची सही असलेला रिपोर्ट म्हणजे शेवटचा शब्द, असं आसपासचे कारखानेवाले मानत. तर त्या सहीचीच ही गोष्ट. त्या एका सहीनं तिच्या ताईच्या नवऱ्याला चोर ठरवलं, आणि चोर ठरलेला तो माणूस सात महिन्यांत गेला. तो जाऊन अर्धं वर्ष उलटल्यावर, एका मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता, छोटीला कळलं की सही खरी होती, पण तिच्या वर लिहिलेलं सगळं खोटं होतं.

कसं कळलं ते सांगण्याआधी ते मशीन काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर काहीच समजायचं नाही. टेबलावर मावेल एवढी एक भट्टी. तिच्यात केसाएवढी बारीक आणि तीस मीटर लांब नळी गुंडाळून ठेवलेली. द्रवाचा थेंबभर नमुना वर टोचायचा, त्याची वाफ होते, आणि एक वायू त्या वाफेला ढकलत ढकलत नळीच्या दुसऱ्या टोकाला नेतो. वाटेत त्यातले घटक पांगतात. कुणी आधी पोचतं, कुणी मागून. दुसऱ्या टोकाला धातूची एक तापलेली डबी बसलेली असते. येईल त्याचे तुकडे करायचे आणि तुकड्यांवरून हा कोण ते ओळखायचं, एवढंच तिचं काम. म्हणजे ओळख पटवायच्या खुणा दोन: किती वाजता आला, आणि तुकडे कसले झाले. छोटीनं ह्याच कामात उभं आयुष्य घालवलं होतं.

ढकलणारा वायू वर्षानुवर्षं हेलियम होता. मग हेलियमच्या टाक्या यायच्या बंद झाल्या. आज येतील, उद्या येतील करत तीन महिने गेले, आणि शेवटी साहेबांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या मुख्य अधिकाऱ्यांनी, फर्मान काढलं की आता हायड्रोजनवर काम करायचं.

झालं! हायड्रोजन म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. रंग नाही, वास नाही, गळला तर कळत नाही, पेटला तर दिवसाउजेडी ज्योतही दिसत नाही. नळी भट्टीत तुटली आणि वायू आत साठला, तर भट्टीचं दार उडून समोरच्याच्या छातीवर बसायचं. दोघांनी तर सरळ बदली मागितली. तेव्हा सगळा भार येऊन पडला गॅसच्या मेकॅनिकवर. त्याला सगळे ‘पाचनऊ’ म्हणत, कारण वायू शुद्ध म्हणजे किती शुद्ध असं कुणी विचारलं की तो छाती काढून सांगायचा, “नव्याण्णव पूर्णांक नऊशे नव्याण्णव. पाच नऊ! एक नऊ कमी असला तर मी टाकी परत पाठवतो.” पाचनऊनं छताला गळती पकडणारी यंत्रं बसवली, कारण हा वायू वर पळतो. मशीनमधून बाहेर पडणारा वायू नळीनं थेट गच्चीवर सोडला. वाटेत ओल आणि प्राणवायू टिपणाऱ्या गाळण्या लावल्या. रोज सकाळी प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून तो बुडबुडे बघत बसायचा, आणि वर म्हणायचा, “मॅडम, खोली उडालीच तर माझ्या बायकोला एवढंच सांगा, साबण संपलेला नव्हता.”

खोली उडाली नाही. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि विषय संपला.

आणि त्याच महिन्यात नायट्रोबेंझिनच्या दोन ड्रमांचे नमुने आले.

नायट्रोबेंझिन आणि ॲनिलिन ही दोन तेलकट रसायनं. दोन्ही रंगाच्या धंद्यात लागतात, दोन्ही एकाच गोदामात असू शकतात, पण एकात दुसरं मिसळलेलं कुणालाच नको असतं. नमुन्यांवर नेहमीप्रमाणे फक्त नंबर होते. माल कुणाचा, गोदाम कुणाचं, तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही ही तिथली रीत, आणि रीत चांगलीच होती. छोटीनं नमुना चढवला. मशीननं सांगितलं, ॲनिलिन आहे. शंभरात चार भाग. तिनं दुसरा चढवला. त्यातही चार. कारखान्यानं पुन्हा नमुने पाठवले, तिनं पुन्हा तपासले. पुन्हा चार. तिनं सही केली.

एक बारीकशी गोष्ट तेव्हा तिनं केली होती, तीही सांगून टाकायला हवी. हायड्रोजन हेलियमपेक्षा चपळ, त्यामुळे सगळ्या घटकांच्या पोचायच्या वेळा बदलल्या होत्या. नवं वेळापत्रक बनवायला आठवडा लागणार होता आणि नमुन्यांची तर रांग लागलेली. मग तिनं वेळेची खिडकी मोठी करून ठेवली. म्हणजे मशीनला सांगितलं, ॲनिलिनचे तुकडे एवढ्या पाच मिनिटांत केव्हाही दिसले तरी ॲनिलिन आलं असं धर. तात्पुरतं. चार दिवसांपुरतं. त्या धंद्यातलं कुणीही हेच केलं असतं. पण इतरांनी केलं असतं म्हणून हिचं कमी होतं का? नाही होत.

भाऊजी त्या कारखान्यात एकतीस वर्षं गोदाम सांभाळत होते. किल्ल्या एकट्या त्यांच्याकडे. ॲनिलिनचे ड्रम शेजारच्याच रांगेत. मालकांनी हिशेब सोपा केला: ड्रममधला थोडा चांगला माल काढून बाहेर विकला आणि तूट ॲनिलिननं भरून काढली. पोलिसांत दिलं नाही, एवढे उपकार केले. राजीनामा लिहून घेतला आणि फाटकापर्यंत सोबत पहारेकरी दिला.

त्याच संध्याकाळी भाऊजी छोटीकडे आले होते. चप्पल न काढता दारातच उभे राहिले. हा तोच माणूस, ज्यानं आईबापाविना वाढलेल्या ह्या मेव्हणीला तीन वर्षं स्कूटरवर मागे बसवून कॉलेजात सोडलं होतं. तिच्या परीक्षेच्या दिवशी स्वतःचं काम सोडून फाटकाबाहेर बसून राहायचे. ती पेपर देऊन आली की विचारायचे, “काय छोटीबाई, किती जणांना रडवलंत?”

त्या दिवशी मस्करी नव्हती. “छोटी,” ते म्हणाले, “तुमचं मशीन चुकू शकतं का गं?”

तिनं नंबर विचारला. वही काढून बघितली. सही तिचीच होती. पण तिनं आवाज सरळ ठेवला. “मीच तपासलंय भाऊजी. चार वेळा. मशीन खोटं बोलत नाही.”

“नाही, खोटं नाही म्हणत मी,” भाऊजी चाचरत म्हणाले. “पण मी असा विचार करत होतो... दोन्ही ड्रमांत चार-चारच कसं? चोरून ओतणारा माणूस घाईत असतो. एकात तीन पडेल, एकात सहा पडेल. इतकं मापात कोण ओतेल?”

एकतीस वर्षं ड्रम उचललेल्या माणसाचा साधा प्रश्न होता तो. आणि सेहेचाळीस वर्षांच्या शहाण्या बाईला त्याचं उत्तर आलं नाही. उत्तर आलं नाही म्हणजे थांबून बघावं की नाही? पण तिनं उलट मान हलवली आणि म्हणाली, “भाऊजी, तुमच्या हाताखालच्या कुणी केलं असेल. ॲनिलिन तर आहेच. ते आभाळातून पडणार नाही.”

ते आल्या पावली परत गेले.

आता त्या मंगळवारकडे येऊ. दुसऱ्याच एका कामासाठी छोटीनं नायट्रोबेंझिनची एक सीलबंद काचेची कुपी फोडली. मापासाठी वापरतात ती, अगदी शुद्ध, हमीचा कागद सोबत असलेली. ती मशीनवर चढवली. पडद्यावर आलं: ॲनिलिन, शंभरात चार भाग.

छोटी हसली. सुई घाण असेल म्हणाली, आणि सुई बदलली. चार. काचेची नळी बदलली. चार. नवी कुपी फोडली. चार. तिनं पाचनऊला बोलावलं आणि ओरडलीच त्याच्यावर, “तुमच्या वायूत घाण आहे! बघा आधी!”

पाचनऊनं गाळण्या बघितल्या. ओल टिपणारीचा रंग बदललेला नव्हता, प्राणवायूवालीचाही नव्हता. जोड बघितले, साबण लावला, टाकीचा दाखला आणून तिच्यासमोर धरला. “मॅडम, वायूत घाण असती तर मी नाक कापून दिलं असतं. पाच नऊ आहेत.” मग तो मान खाजवत म्हणाला, “आम्ही अडाणी माणसं, पण एक विचारू? हेलियम कसा, हमालासारखा. पेटी उचलायची, पोचती करायची. हा हायड्रोजन जरा वेगळा गडी आहे. गरम धातूजवळ गेला की कशात ना कशात हात घालतो. हा वाटेत पेटी उघडत नाही ना?”

छोटी खुर्चीवर बसली. नायट्रोबेंझिनला हायड्रोजन दिला की ॲनिलिन होतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरींनासुद्धा पाठ असतं. कारखाने ॲनिलिन बनवतात ते असंच. आणि ती स्वतः तेरा महिने एका तापलेल्या धातूच्या डबीत नायट्रोबेंझिन आणि हायड्रोजन एकत्र सोडत होती, आणि निघालेलं ॲनिलिन बघून लोकांच्या मालात भेसळ आहे म्हणून सांगत होती.

तिनं वेळेचा रकाना उघडला. नमुन्यात ॲनिलिन खरंच असतं तर ते नळीतून आधी बाहेर पडलं असतं. ते आधी आलेलंच नव्हतं. ते बरोबर नायट्रोबेंझिनच्या वेळेला, त्याच्याच खांद्यावर बसून आलं होतं, कारण ते तिथेच, शेवटच्या डबीत जन्मलं होतं. मोठ्या केलेल्या खिडकीनं ते मुकाट आत घेतलं. आणि ती खिडकी नंतर लहान करायची राहूनच गेली होती.

राखून ठेवलेले नमुने दीड वर्ष फेकत नाहीत. पाचनऊनं कोपऱ्यात झाकून ठेवलेली हेलियमची अर्धी टाकी काढली, दिवसभर खपून नळ्या बदलल्या, आणि बुधवारी छोटीनं भाऊजींच्या गोदामातले ते दोन नमुने पुन्हा चढवले. ॲनिलिन नव्हतं. दोन्हीत नव्हतं. नावालाही नव्हतं. ती उठून हात धुवायच्या बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून रडली, आणि पाचनऊ दाराकडे तोंड करून उभा राहिला, कुणी आत येऊ नये म्हणून.

साहेब आधी घाबरले, मग शहाणे झाले. “तीन रिपोर्ट आहेत असे. तिन्ही मागे घेऊ. कारखान्यांना पत्रं जातील, ते मी बघतो. पण मॅडम, घरी कशाला सांगताय? गेलेला माणूस परत येणार आहे का?”

“चोर म्हणून गेले ते, साहेब.”

“तुमच्या बहिणीला आता कुठे सावरायला आलंय, तुम्हीच म्हणाला होतात. उगीच जखम उकरायची.”

छोटीला ते पटलं होतं, हे सांगायला नको असं वाटतं, पण पटलं होतं खरं. तीन दिवस ती ते पटवून घेत राहिली. कारण दुसरी भीती ह्याहून मोठी होती. ह्या जगात तिचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, ताई. तिला हे सांगायचं म्हणजे त्या माणसालाही हात जोडून निरोप द्यायचा. पण न सांगावं, तर भाऊजी त्यांच्या स्वतःच्या घरात चोरच राहणार. बाहेरच्या खोलीत त्यांचा फोटोही ताईनं लावलेला नव्हता. येणारे-जाणारे बघतात आणि कुजबुजतात म्हणून तो आत कपाटात होता. रविवारी सकाळी छोटीनं सुधारलेला रिपोर्ट पिशवीत घातला आणि ती निघाली.

ताई खिडकीपाशी शिवणाच्या मशीनवर बसली होती. शेजारणीच्या पडद्यांना टीप घालत होती. “ये गं. आज सकाळीच? तोंड का असं उतरलंय? पुन्हा उपाशी राहिलीस ना?”

“ताई, मशीन थांबव जरा.”

ताईनं पाय काढला. छोटी उभ्या उभ्याच बोलली. बसली असती तर बोलवलं नसतं तिच्यानं. हायड्रोजन, डबी, खिडकी, सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून, आणि शेवटी म्हणाली, “भाऊजींनी काहीच केलं नव्हतं. ड्रम चांगले होते. चूक माझी होती, ताई. माझी एकटीची.”

ताईनं हात पुढे केला. “कागद दे.”

तिनं तो डोळ्यांजवळ धरून वाचला. एकदा वरपासून खालपर्यंत, मग पुन्हा. “ह्यात त्यांचं नाव कुठे आहे?”

“नाव नसतं, ताई. नमुन्याचा नंबर असतो फक्त.”

“चोर ठरवताना बरं नाव सापडलं सगळ्यांना!” ताईचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. पडद्यावर खुणा करायची पेन्सिल तिनं छोटीसमोर आपटली. “लिही. तुझ्या हातानं लिही.”

छोटीनं शिवणाच्या मशीनवर कागद टेकवून भाऊजींचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. पुढे लिहिलं, ‘ह्यांचा काही दोष नव्हता.’ आणि खाली सही केली. मग ती वाट बघत राहिली. चालती हो, पुन्हा तोंड दाखवू नकोस, जे काही असेल ते. ती ते सगळं ऐकून घ्यायला तयार होती.

ताई त्या कागदाकडे बघत होती. मग गोंधळल्यासारखी म्हणाली, “पण छोटे, त्यांनी तर कबूल केलं होतं.”

“काय?”

“माझ्याजवळ. जायच्या आधी तीन महिने.” ताई सावकाश बोलत होती, एकेक गोष्ट हाताला लागत होती तशी. “तेव्हा मी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं बघ, चार महिने. तुझा फोनसुद्धा घेत नव्हते. ते म्हणायचे मी केलं नाही, तू म्हणायचीस चार वेळा तपासलंय. मग दोघांतलं कोण खोटं? मला वेड लागायची पाळी आली होती. जेवायला बसले की मी त्यांना विचारायचे. खरं सांगा, मी कुणाला सांगणार नाही. रोज. रोज विचारायचे गं. आणि रोज रडायचे, की माझी बहीण तरी खोटी आहे नाहीतर नवरा तरी.”

छोटीनं मशीनची कड घट्ट धरली.

“मग एक दिवस त्यांनी ताट बाजूला केलं आणि म्हणाले, हो, मीच ओतलं. आता रडू नकोस. आणि उद्या सकाळी छोटीकडे जा. तिला आपल्याशिवाय कोण आहे?”

“ताई...”

“मी गेले. दुसऱ्याच दिवशी आले ना तुझ्याकडे? तुला पोटाशी धरलं. घरी येऊन त्यांना म्हटलं, झालं ते झालं, मी तुम्हाला माफ केलंय.” ताईनं कागद मांडीवर ठेवला आणि त्याच्यावर दोन्ही हात ठेवले. “माफ केलं, छोटे. मी त्यांना. आणि ते मान खाली घालून म्हणाले, तुझे उपकार आहेत.”